वाढत्या घरांनी गिळलेली ऊर्जाबचत

विजेची बचत म्हटली की आपले लक्ष दिव्यांकडे आणि उपकरणांकडे जाते. घरोघरी एलईडी दिवे आले, फ्रिज व एसी ‘फाइव्ह स्टार’ झाले. मात्र ही उपकरणे ज्या घरात बसतात ते घर किती मोठे असावे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. याबाबत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे.

तेथील जनगणना विभागाच्या नोंदींनुसार १९७३ मध्ये नव्या स्वतंत्र घराचे सरासरी क्षेत्रफळ सुमारे १,६६० चौरस फूट होते. २०१५ पर्यंत ते २,६८७ चौरस फुटांवर गेले. याच काळात कुटुंबातील माणसे मात्र सरासरी तीनवरून अडीचवर आली. म्हणजे माणशी जागा जवळजवळ दुप्पट झाली. दरम्यान घरे उष्णतारोधक झाली, यंत्रेही काटकसरी झाली. तरीही २००९ च्या सरकारी पाहणीत असे दिसले, की २००० पासून बांधलेली घरे जुन्या घरांपेक्षा ३० टक्के मोठी होती आणि त्यांचा ऊर्जावापर घटण्याऐवजी सुमारे २ टक्क्यांनी अधिकच होता. तंत्रज्ञानाने वाचवलेली ऊर्जा वाढीव जागेने खाऊन टाकली.

मोठ्या घराचा भार विजेचा मीटर फिरण्यापूर्वीच सुरू होतो. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. त्यात इंधन जळतेच. शिवाय खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि एकूण उत्सर्जनातील निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच असतो. पुढे जादा खोली रिकामी राहत नाही. तिच्यात कपाट येते, दुसरा टीव्ही येतो, आणखी एक एसी येतो.

आपल्याकडील ‘स्टार’ही येथे अपुरे पडतात. ते यंत्राची कार्यक्षमता सांगतात, एकूण वापर नव्हे. पूर्ण क्षमतेने चालणारा दोन टनांचा फाइव्ह स्टार एसी एक टनाच्या थ्री स्टार एसीपेक्षा ताशी अधिक वीज घेतो.

दिवा बदलता येतो, एसीही काही वर्षांनी बदलतो. घराचा आकार मात्र पिढीभर कायम राहतो. म्हणूनच पुण्या-मुंबईत टू बीएचके सोडून थ्री बीएचके नोंदवताना कर्जाच्या हप्त्याबरोबर आणखी एक हिशेब मांडायला हवा: वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी ३६५ दिवसांची खोली खरोखरच हवी आहे का?