कमाई तुमची, मग जबाबदारी कुणाची?

वस्तीतल्या दुकानदाराने खोटा माल दिला तर आपण त्याच्या गल्ल्यासमोर जाऊन उभे राहतो. मोबाइलवरच्या बाजारात मात्र उत्तर मिळते, "माल आमचा नाही, विक्रेत्याचा आहे." मग प्रत्येक विक्रीमागे शुल्क कोण घेतो?

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनच्या बाबतीत हाच मुद्दा धरला. सरकारने सक्तीचा केलेला दर्जा नसलेले २,२६५ प्रेशर कुकर तिथे विकले गेले होते. कंपनीला त्यातून ६ लाख १४ हजार रुपयांहून अधिक शुल्क मिळाले होते. विक्रीतून कमावणाऱ्याला हात झटकता येणार नाहीत, असे सांगून प्राधिकरणाने १ लाख रुपये दंड केला. कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे देण्याचाही आदेश दिला. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. हिशेब पाहा, दंड कमाईच्या सहाव्या हिश्शाइतकाही नव्हता! निकृष्ट कुकर फुटला तर भाजणार आहे ती मात्र आपली माय-बहीण.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवणे बाजार चालवणाऱ्यावर बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, कुकरवर आयएसआय चिन्ह पाहा. बिल, खोके, फोटो जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. घामाचा पैसा आहे, गप्प बसू नका!