पडद्यावरील अक्षर पुसट का होते? व्हिडिओ एक्सपोर्ट करताना घ्यावयाची काळजी



एका झावळ्यांच्या रविवारी मराठवाड्यातील एका लहान धर्मग्रामात पवित्र मिस्सासाठी जाण्याचा योग आला. गायनपुस्तिका अपुऱ्या पडतात म्हणून तेथील तरुणांनी मोठ्या हौसेने वेदीच्या बाजूस पडदा लावून गीतांचा व्हिडिओ तयार केला होता. काळ प्रायश्चित्ताचा म्हणून पार्श्वभूमी जांभळी, आणि दिवस झावळ्यांचा म्हणून अक्षरे तांबडी! पहिले कडवे सर्वांना पाठ होते, ते दणक्यात झाले. दुसऱ्या कडव्याला आवाज खाली आला आणि तिसऱ्याला केवळ गायनवृंद गात राहिला. मिस्सानंतर पुढच्या बाकावरील एका आजींनी मला विचारले, "फादर, ते 'तुला वदन' म्हणजे काय हो?" मूळ ओळीत 'वंदन' होते. अनुस्वार वाटेतच हरवला होता.

मुले म्हणाली, "लॅपटॉपवर अगदी स्वच्छ दिसत होते, फादर." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. संपादन करताना दिसणारे चित्र आणि 'एक्सपोर्ट' केल्यानंतर हाती येणारी फाईल या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

२०२० च्या टाळेबंदीत मंदिरांची दारे बंद झाली तेव्हा अनेक धर्मग्रामांनी प्रथमच कॅमेरा हाती घेतला आणि पुढेही तो खाली ठेवला नाही. आज प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार, गुरुदीक्षा, इतकेच नव्हे तर अंत्यविधीचेही चित्रण दूरच्या नातलगांना पाठविले जाते. ज्या मुलाला आखातातून येता आले नाही, त्याच्या मोबाईलवर आईचे नाव आणि तारखा धूसर दिसाव्यात हे बरे नाही. म्हणून हा तांत्रिक विषय येथे थोडा विस्ताराने मांडीत आहे.

१९२० बाय १०८० आकाराच्या एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचे तीन रंग आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका सेकंदासाठी सुमारे १५५ मेगाबाईट जागा लागेल. इतके ओझे मोबाईलवर वाहणे व्यवहार्य नाही. त्यामुळे चित्र दाबून लहान करावे लागते. आपण ज्याला सरसकट 'एमपीफोर' म्हणतो त्याच्या पोटात बहुधा एच.२६४ ही दाबण्याची पद्धत असते. ती २००३ साली प्रमाणित झाली. ही पद्धत चित्राचे लहान लहान चौकोन पाडते, त्यांतील सावकाश होणारा बदल जपते आणि जागा कमी पडली की बारीक तपशील टाकून देते. माणसाचा चेहरा किंवा देवगिरीचा डोंगर यांना त्याने फारसा धक्का पोहोचत नाही. अक्षराची कड मात्र एकाएकी संपते. ती कड रेखण्यास पुरेशी माहिती उरली नाही की अक्षराभोवती धूळ बसल्यासारखी दिसते. आपल्या देवनागरीत तर अनुस्वार, रफार, उकार यांसारखी अर्थ बदलणारी चिन्हेच सर्वांत लहान असतात.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि त्या रविवारचा खरा अपराधी तोच. मानवी डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक जितका सूक्ष्म कळतो तितका रंगाचा कळत नाही. या दुर्बलतेचा लाभ घेऊन बहुतेक फायलींत उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूसाठी, पण रंगाची नोंद चार बिंदूंत मिळून एकदाच ठेवली जाते. तंत्रज्ञ यास ४:२:० म्हणतात. म्हणजे १९२० बाय १०८० च्या चित्रात रंग प्रत्यक्षात ९६० बाय ५४० इतकाच असतो. जांभळ्यावर तांबडे लिहिले की दोहोंचा उजेड जवळजवळ सारखा. अक्षर केवळ रंगाच्या आधारावर उभे राहते आणि तो आधार अर्धाच असतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी वा फिकट पिवळी अक्षरे घ्यावीत. उपासनेच्या काळाचा रंग दाखवायचाच असेल तर तो कडेच्या पट्टीत दाखवावा.

आता प्रत्यक्ष निवडी. ज्या आकारात संपादन केले त्याच आकारात एक्सपोर्ट करावे. ७२० चे १०८० केल्याने अक्षर मोठे होते, स्वच्छ होत नाही. कॅमेऱ्याने सेकंदाला २५ चित्रे घेतली असतील तर २५, मोबाईलने ३० घेतली असतील तर ३०. मध्येच बदल केल्यास सरकत्या ओळी अडखळतात. 'इंटरलेस्ड' आणि 'प्रोग्रेसिव्ह' असा पर्याय विचारला गेला तर प्रोग्रेसिव्ह निवडावे. जुन्या दूरचित्रवाणीसाठी चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत पाठविले जाई. एकाच ओळीवर बसलेली बारीक शिरोरेषा दोहोंपैकी एकाच भागात येई आणि सतत लुकलुकत राही. स्थानिक केबलवरील जुन्या नाताळ कार्यक्रमांची शीर्षके ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे आठवेल. शिरोरेषा किमान तीन-चार बिंदू जाड असावी, हा माझा अनुभव. छपाईच्या जगातून आलेले आमच्यासारखे लोक येथे '३०० डीपीआय'चा आग्रह धरतात. व्हिडिओत त्याला अर्थ नाही, येथे केवळ बिंदूंची संख्या मोजली जाते.

सर्वांत महत्त्वाचा आकडा बिटरेटचा. १०८० आकार आणि २५ ते ३० चित्रांसाठी यूट्यूब ८ मेगाबिट सुचविते, ५० ते ६० चित्रांसाठी १२. आठ मेगाबिट म्हणजे मिनिटाला ६० मेगाबाईट. परंतु यूट्यूब आपली फाईल पुन्हा दाबते, म्हणून अक्षरे अधिक असतील तर १६ ते २० द्यावेत असे मी सांगेन. 'व्हीबीआर, टू पास' हा पर्याय असल्यास वेळ अधिक लागला तरी तो घ्यावा; त्यात संगणक चित्रफीत आधी एकदा तपासतो आणि मग जेथे गरज तेथे अधिक जागा देतो. ओळींच्या मागे हलत्या मेणबत्त्या आणि गळणाऱ्या पाकळ्या घालण्याची आपल्याकडे फार आवड आहे. त्या प्रत्येक हालचालीला जागा लागते, आणि ती अक्षरांच्या वाट्यातून जाते. मेणबत्ती वेदीवर आहेच.

नावाची पट्टी किंवा धर्मप्रांताचे बोधचिन्ह वेगळे करून दुसऱ्या व्हिडिओवर बसवायचे असल्यास एच.२६४ मुळीच वापरू नये, कारण नेहमीच्या एमपीफोर फाईलमध्ये पारदर्शकता टिकत नाही, मागे काळा चौकोन येतो. प्रोरेस ४४४४ किंवा पीएनजी चित्रांची मालिका वापरावी.

काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी सेटिंगमधून मुद्दाम सुरू करावी लागते. अन्यथा 'ख्रिस्त' हा शब्दच तुटून येतो, आणि मग एक्सपोर्ट कितीही उत्तम केला तरी उपयोग नाही.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठविलेली फाईल वाटेत आणखी दाबली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास ती जशीच्या तशी पोहोचते. आलेल्या प्रतीवरच पुन्हा संपादन करू नये. छायाप्रतीची छायाप्रत काढल्यासारखे होते. मूळ मोठी फाईल हार्ड डिस्कवर जपून ठेवावी.

प्रोजेक्टर विकत घेताना 'फुल एचडी सपोर्ट' या शब्दांना भुलू नये. अनेक स्वस्त यंत्रांचे स्वतःचे बिंदू १०२४ बाय ७६८ इतकेच असतात. ती मोठे चित्र स्वीकारतात खरी, पण आक्रसून दाखवितात. शनिवारी सायंकाळी दहा सेकंदांची फाईल करून मंदिरातील पडद्यावर लावावी आणि शेवटच्या बाकावर चष्मेवाल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना बसवून वाचावयास सांगावे.

जाता जाता आपल्या शहराविषयी. २०२३ साली नाव बदलले, आणि 'औरंगाबाद' या शब्दासाठी आखलेल्या जुन्या पट्ट्यांत आता 'छत्रपती संभाजीनगर' बसवावे लागते. पुष्कळजण अक्षरांचा आकार कमी करून ते कोंबतात; मग 'त्र'ची तिरपी रेघ आणि 'सं'वरील टिंब दोन्ही जातात. आकार तोच ठेवून नाव दोन ओळींत घ्यावे आणि पट्टी तेवढी उंच करावी.