पावसातली मोटार आणि मनातले गाव

मुसळधार पावसात मोटार हाकताना समोरची काच दिसेनाशी झाली, की आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, हे पुणे सोडून कुठेतरी निवांत जागी राहावयास जावे. कोकणात, म्हणा. (पुण्याची हवा मानवते म्हणून एके काळी पेन्शनर मंडळी इथे येऊन राहत, हे त्या वेळी आठवत नाही.)

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. नानासाहेब पेशव्यांनी तलाव बांधून शहराला पाणी आणले, त्याच कात्रजकडून हा ओढा येतो. त्या रात्री माणसे दगावली, गाड्या वाहून गेल्या.

एवढी जड मोटार वाहते कशी? हिशेब साधा आहे. लहान मोटार सुमारे 4 मीटर लांब, दीड मीटर रुंद. तिचा तळ 15 सेंटिमीटर बुडाला, की जवळजवळ 900 लिटर पाणी बाजूस सरते आणि तितकेच किलो वजन उचलून धरते. मोटारीचे वजन बहुधा एवढेच! तळ मुळात वीतभर उंच. म्हणजे रस्त्यावर फूट-सव्वा फूट पाणी पुरे. चाके सुटली, की ब्रेक आणि स्टिअरिंग केवळ शोभेला. आणि पुढची गाडी पार झाली म्हणून आपणही घालतो!

कोकणाचे म्हणाल, तर 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या.

आम्ही एकदा असेच चढावर गाडी लावून बसलो. पाणी ओसरायला दोन तास लागले. तेवढ्यात तीन गावे पसंत करून झाली होती.