फुकट प्रत, विकतची स्तुती

1855 च्या जुलैमध्ये ब्रुकलिनमधल्या एका छोट्या छापखान्यातून बारा कवितांचं एक पुस्तक बाहेर पडलं. छापखाना कवीच्या ओळखीच्या रोम बंधूंचा होता. खर्च कवीचा होता आणि काही पानांचे खिळेही त्यानेच जुळवले होते. शीर्षकपानावर कवीचं नाव नव्हतं. पुस्तक होतं ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ आणि कवी होता वॉल्ट व्हिटमन. पहिल्या आवृत्तीच्या सुमारे 795 प्रती निघाल्या. गिऱ्हाईक फारसं नव्हतं, म्हणून व्हिटमनने वर्तमानपत्रांना आणि नामवंतांना प्रती फुकट पाठवायला सुरुवात केली. त्यातली एक राल्फ वाल्डो इमर्सन यांच्याकडे गेली. इमर्सन हे त्या काळच्या अमेरिकेतलं सगळ्यात वजनदार नाव. त्यांनी 21 जुलैला मनापासून दाद देणारं पत्र पाठवलं. अनोळखी, स्वखर्चाने छापणाऱ्या लेखकाला फुकट प्रतीच्या बदल्यात याहून मोठी पावती क्वचितच मिळाली असेल.

व्हिटमनने पुढे जे केलं ते मात्र थोर कवीला शोभणारं नव्हतं. इमर्सन यांना न विचारता त्याने ते खासगी पत्र ऑक्टोबरमध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये छापू दिलं. 1856 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्या पत्रातलं अभिनंदनाचं वाक्य इमर्सन यांच्या नावासह सोनेरी अक्षरांत उमटवलं. त्याच आवृत्तीत इमर्सन यांना उद्देशून एक पत्र छापलं आणि पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती छापल्या, त्या सहज खपल्या, असं त्यात ठोकून दिलं. याच सुमारास स्वतःच्या पुस्तकाची निनावी परीक्षणं लिहून ती तीन नियतकालिकांतून छापून आणली. अर्थात ती सगळी अनुकूल होती. फुकट प्रत, पुसल्याशिवाय वापरलेला अभिप्राय, फुगवलेला खप आणि खोटं परीक्षण: स्वतःच प्रकाशक झालेल्या लाखो लेखकांच्या दुनियेत आज ज्या गोष्टींवरून भांडणं होतात, त्या सगळ्या या एका माणसाने दीड-दोन वर्षांत करून ठेवल्या होत्या.

ती दुनिया नोव्हेंबर 2007 मध्ये सुरू झाली असं मानायला हरकत नाही. ॲमेझॉनने किंडल हे वाचनयंत्र बाजारात आणलं आणि त्याबरोबर कोणालाही स्वतःचं पुस्तक विक्रीला ठेवता येईल अशी सोयही केली. प्रकाशकाचा उंबरठा नाहीसा झाला, पण त्या उंबरठ्यामागे जी माणसं होती तीही गेली. संपादक गेला, विक्रेता गेला आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत परीक्षणाच्या प्रती पोचवणारा जनसंपर्क अधिकारीही गेला. नव्या पुस्तकाच्या पानावर ‘अद्याप एकही परीक्षण नाही’ असं दिसलं की वाचक पुढे सरकतो, आणि वाचक पुढे सरकले की परीक्षण येत नाही. हा गुंता सोडवायला स्वतंत्र लेखकांनी मोठ्या प्रकाशकांचीच जुनी युक्ती उचलली. तिथे तिला ‘ॲडव्हान्स रीडर कॉपी’ किंवा थोडक्यात ‘एआरसी’ म्हणतात.

मोठे प्रकाशक पुस्तक निघण्याच्या तीन-चार महिने आधी कच्च्या मुद्रिताच्या बांधीव प्रती समीक्षकांना, ग्रंथपालांना आणि दुकानदारांना पाठवत आले आहेत. त्यावर ‘विक्रीसाठी नाही’, ‘अंतिम तपासणी बाकी’ अशा सूचना असतात. त्यात चुका राहतातच. ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या भागाच्या अशा प्रतीत लेखिकेचं नाव जे. के. ऐवजी ‘जे. ए. रोलिंग’ असं पडलं होतं. आज संग्राहक त्या प्रतीसाठी भरमसाट किंमत मोजतात.

स्वतंत्र लेखकाचा व्यवहार याहून साधा आहे. संपादन झालं, मुखपृष्ठ तयार झालं की प्रकाशनाच्या महिना-दोन महिने आधी तो ई-पुस्तकाची फाइल निवडक वाचकांना पाठवतो. त्यासाठी बुकफनेल, बुकस्प्राउट, बुकसायरन्स अशा सेवा आहेत. नेटगॅली ही 2008 पासूनची सेवा मुख्यतः प्रकाशकांसाठी होती, पण आता लेखकही तिथे पैसे भरून पुस्तक ठेवतात. वाचक मागणी नोंदवतो आणि लेखक किंवा प्रकाशक त्याला होकार देतो. घेतलेल्या पुस्तकांपैकी किती पुस्तकांवर वाचकाने लिहिलं, हे प्रमाणही तिथे दिसतं. नेटगॅली 80 टक्के हे चांगलं प्रमाण मानते. फुकट घेऊन गप्प बसणारे वाचक किती असतील, ते यावरून ताडता येतं.

आता वेळेची एक मेख आहे. ॲमेझॉनवर ई-पुस्तकाची आगाऊ नोंदणी करता येते, पण त्यावर परीक्षण प्रकाशनाच्या दिवसापर्यंत टाकता येत नाही. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर मात्र आधीपासून लिहिता येतं. म्हणून जाणता लेखक प्रती पाठवून स्वस्थ बसत नाही. पुस्तक निघालं त्या दिवशी सगळ्यांना एक नम्र आठवण पाठवतो आणि शक्यतो दुसरी पाठवत नाही. दुसरी अट अधिक जाचक आहे. अमेरिकेतल्या ॲमेझॉनवर परीक्षण लिहायचं, तर त्या खात्यावरून मागच्या बारा महिन्यांत किमान 50 डॉलरची खरेदी झालेली असावी लागते. शिवाय फुकट प्रत वाचून लिहिणाऱ्याला ‘खात्रीशीर खरेदी’ ही खूण मिळत नाही. पुण्यातल्या लेखकाने अमेरिकेत नुकत्याच गेलेल्या भाच्याला ‘तेवढं चार ओळींचं लिही’ म्हणून गळ घालण्यात म्हणूनच अर्थ नाही. नातेवाइकांची आणि जवळच्या मित्रांची परीक्षणं तर ॲमेझॉनला मुळीच मान्य नाहीत, सापडली की ती काढली जातात.

नियमाचा गाभा एवढाच आहे की पुस्तक फुकट द्या, पण परीक्षणाची अट घालू नका आणि ते कसं असावं यावर दबाव आणू नका. 2016 मध्ये ॲमेझॉनने इतर वस्तूंसाठी फुकट मालाच्या मोबदल्यात परीक्षणं घ्यायची पद्धत बंद केली, तेव्हा पुस्तकांना त्यातून वगळलं. प्रकाशनपूर्व प्रतींचा रिवाज किती जुना आहे, याची ती कबुलीच होती. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2024 मध्ये खोट्या परीक्षणांविरुद्ध दंडाची तरतूद असलेला नियम आणला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी मानक जाहीर केलं, पण ते ऐच्छिक ठेवलं.

नियमांची गरज का पडली, ते जॉन लॉक या लेखकाच्या गोष्टीवरून कळतं. हा तत्त्वज्ञ लॉक नव्हे, तर स्वस्त थरारकथा लिहिणारा अमेरिकन व्यावसायिक. 2011 मध्ये किंडलवर दहा लाख पुस्तकं विकणारा पहिला स्वयंप्रकाशित लेखक म्हणून त्याचं नाव गाजलं. पाच महिन्यांत हे कसं साधलं, याचं एक मार्गदर्शक पुस्तकही त्याने विकलं. पुढच्या वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक बातमी छापली. ओक्लाहोमातला एक माणूस 99 डॉलरला एक, 499 ला वीस आणि 999 ला पन्नास या दराने परीक्षणं लिहून देत असे, आणि त्याच्याकडून लॉकने तीनशे परीक्षणं विकत घेतली होती. वर लिहिणाऱ्यांनी पुस्तक ॲमेझॉनवरूनच विकत घ्यावं, असंही त्याने सांगितलं होतं. म्हणजे ‘खात्रीशीर खरेदी’ची खूणही आपोआप मिळत होती. मार्गदर्शक पुस्तकात ही युक्ती सांगायची मात्र राहून गेली होती.

लॉकने पैसे वाया घालवले असं मला म्हणता येत नाही, त्याचा धंदा झाला. पण त्याच्या शेकडो ताऱ्यांमुळे शेजारच्या पुस्तकाचे प्रामाणिक तारेही संशयित झाले. फुकट प्रतीने लेखकाला वाचलं जाण्याची फक्त एक संधी मिळते. वाचकाला ‘आवडलं नाही’ म्हणायची मोकळीक असते, तोवरच त्या संधीला किंमत आहे. तीन ताऱ्यांचं, खोट काढणारं परीक्षण अनोळखी वाचकाला पाच ताऱ्यांच्या आरत्यांपेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. त्यात पुस्तक नेमकं कसलं आहे ते तरी कळतं.

याच्या दुसऱ्या टोकाला अँडी वीअर आहे. त्याने ‘द मार्शियन’ ही कादंबरी आपल्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून फुकट दिली. वाचकांत रसायन आणि भौतिकशास्त्र जाणणारे बरेच होते. त्यांनी गणितातल्या आणि विज्ञानातल्या चुका कळवल्या, वीअरने त्या दुरुस्त केल्या. मग वाचकांनीच किंडलवर आणायचा आग्रह धरला. तिथे फुकट ठेवता येईना, म्हणून 2011 मध्ये त्याने सगळ्यात कमी, म्हणजे 99 सेंट किंमत लावली. 2014 मध्ये मोठ्या प्रकाशकाने ती काढली आणि पुढच्या वर्षी चित्रपट आला. त्याच्या वाचकांना पुस्तक पुरं होण्याआधीच त्यात हात घालता आला, हे मला ताऱ्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मराठीत फुकट प्रती वाटायला कोणी शिकवण्याची गरज नाही. वर्तमानपत्रांकडे परीक्षणासाठी दोन प्रती जातात, नशीब असेल तर ‘साभार पोच’मध्ये नाव येतं. प्रकाशन समारंभाच्या दिवशी ‘सप्रेम भेट’ लिहून पन्नासेक प्रती परिचितांच्या हाती पडतात आणि त्यांतल्या कित्येक न उघडताच कपाटात जातात. पण यातल्या बहुतेक प्रती पुस्तक निघाल्यावर वाटल्या जातात, तेव्हा चूक सापडून उपयोग नसतो. पुस्तक आधी वाचायला मिळतं ते प्रस्तावनाकाराला किंवा पाठराखण लिहिणाऱ्याला. तो बहुधा ज्येष्ठ असतो, लेखकाचा स्नेही असतो आणि नाही म्हणणं त्याला अवघड जातं. आपला आगाऊ वाचक म्हणजे हा एकटा माणूस, आणि त्याने काय लिहायचं ते आधीच ठरलेलं.

तेव्हा स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्यांना एक सुचवणं. भेट द्यायच्या पन्नास प्रतींपैकी निदान दहा-पंधरांचं मुद्रित छपाईआधी अशा वाचकांना द्या, जे तुमचे नातलग नाहीत, तुमच्या साहित्य मंडळातले नाहीत, पण त्या प्रकारची पुस्तकं विकत घेऊन वाचतात. चुका कळवायला सांगा आणि अभिप्रायाची अट घालू नका. आणि कोणी अशी प्रत तुमच्या हाती दिली, तर वाचक म्हणून तुम्ही ती वाचा, लिहावंसं वाटलं तर लिहा आणि प्रत भेट मिळाली होती हे पहिल्याच ओळीत सांगून टाका.