रॅमला पळवा, पण जपून!

नवी डीडीआर५ रॅम घेतलीत, पाकिटावर ६००० लिहिलंय आणि पीसी मात्र ४८००च दाखवतोय? दुकानदाराने फसवलं नाहीये, बॉस! सुरुवातीला रॅम ठरलेल्या बेसिक वेगानेच धावते. पुढचा वेग बायोसमध्ये जाऊन तुम्हीच चालू करायचा. हेच ओव्हरक्लॉकिंग. इंटेलवाल्यांसाठी एक्सएमपी, एएमडीवाल्यांसाठी २०२२ मध्ये आलेलं एक्स्पो. एक सेटिंग, आणि वेग २५ टक्के जास्त! अर्थात, कागदावर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेम्समध्ये फरक मस्त जाणवतो. एक्सेल आणि ईमेलला मात्र ढिम्म फरक पडत नाही.

आता रिस्क. व्होल्टेज १.१ वरून साधारण १.३५ वर जातं, त्यामुळे प्रोसेसरच्या वॉरंटीच्या अटी आधी वाचा. पीसी सुरूच झाला नाही, तर घाबरू नका. बायोस रीसेट करा. खरी भीती आहे गुपचूप होणाऱ्या चुकांची. वरवर सगळं झकास, पण आत एखादा बिट उलटतो आणि कॉपी केलेली फाइल बिघडते. कळतं काही महिन्यांनी, लग्नाचे फोटो उघडताना! म्हणून रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. एक जरी एरर आली, तर वेग एक पायरी खाली. आणि बॅकअप? तो सगळ्याच्या आधी!