एका खुराचं वर्ष

माथेरानला पर्यटकांची मोटार दस्तुरी नाक्यापाशीच थांबते. तिथून पुढे माणसं आणि सामान वाहायला घोडे आहेत. पावसाळ्यात तांबड्या चिखलात रुतणारे त्यांचे खूर दिवाळीनंतर त्याच वाटांवरच्या धुळीत आणि जांभ्या दगडावर आपटत राहतात. काही वाटांवर आता पेव्हर ब्लॉक आले आहेत आणि त्यांवरून घोडे घसरतात, अशी अश्वपालांची तक्रार आहे. सतत भिजणं आणि वाळणं चालू राहिलं की खूर फुगतो, आक्रसतो, आणि एक दिवस नालेच्या खिळ्यांपाशी त्याचे टवके उडू लागतात.

मग तेलाची बाटली निघते. खूर चकचकीत दिसतो, मालकाला बरं वाटतं. पण दुखणं बहुतेक वेळा जुनं असतं. खूर केराटिनचा बनतो आणि पायावरचे केस जिथे संपतात त्या वरच्या कडेपासून खाली वाढत येतो. ही वाढ महिन्याला जेमतेम ६ ते १० मिलिमीटर. म्हणजे पुढच्या बाजूला वरून निघालेला थर जमिनीला टेकायला नऊ महिने ते वर्ष लागतं. आज टोकाशी तुटणारा भाग गेल्या वर्षी घडलेला असतो, आणि त्याला वरून काहीही चोपडलं तरी तो नव्यानं घडत नाही.

याचा चांगला पुरावा व्हिएन्नाच्या प्रसिद्ध लिपिझानर घोड्यांकडून मिळाला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४२ घोड्यांपैकी काहींना रोज २० मिलिग्रॅम बायोटिन हे जीवनसत्त्व दिलं गेलं, बाकीच्यांना नाही. खुराच्या दर्जात फरक दिसला, पण नऊ महिन्यांनी! शिवाय वाढीचा वेग तेवढाच राहिला. सुधारला तो नव्यानं येणारा थर. दोन महिन्यांत बायोटिनची पावडर बंद करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

बायोटिनइतकंच महत्त्व जस्त, तांबं आणि चांगल्या प्रथिनांना आहे. आपल्याकडे चंदीत गव्हाचा कोंडा सढळ हातानं घालतात. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असल्यानं नुसत्या कोंड्यावर भिस्त ठेवणं घातक. उलट सेलेनियमचा डोस जास्त झाला तर खुराला आडव्या भेगा पडतात, त्यामुळे दोन-तीन पूरक पावडरी एकत्र देण्याआधी डब्यावरचे आकडे जुळवून पाहायलाच हवेत.

तबेल्याची जमीन हा तर फार जुना विषय. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफॉननं लिहून ठेवलंय, की ओल्या, गुळगुळीत फरशीवर चांगले खूरही बिघडतात. तबेल्याबाहेर गोटे पसरून घोड्याला त्यांवर उभं करावं. त्या काळी ग्रीकांकडे खिळ्यांनी ठोकायची नाल नव्हती, खूर उघडाच वापरायचा होता. आजही मूत आणि लीद साचलेल्या जागी रात्रभर उभा राहणारा घोडा दिवसा कितीही खरारा केला तरी खुराच्या दुखण्यातून सुटत नाही. खुराच्या तळातून काळपट, घाण वासाची ओल आली की सड सुरू झाली समजावं.

बाकी काम नालबंदाचं. तो पाय मांडीवर घेतो, खिळ्यांची मुडपलेली टोकं सरळ करतो, टाचेकडून सुरुवात करून पकडीनं नाल हळूहळू सुटी करतो. हिसका दिला तर ठिसूळ खुराचा तुकडा नालेबरोबरच निघतो. सहा ते आठ आठवड्यांनी हे व्हायलाच हवं, कारण वाढलेल्या टोकावर प्रत्येक पावलाला ताण येतो आणि भेग वर चढते. असल्या खुराला बारीक खिळे, तेही जिथे खूर शाबूत आहे तिथेच. आणि केवळ देखणेपणासाठी बाहेरून कानस फिरवणं बंद: ओलावा धरून ठेवणारा गुळगुळीत थरच त्यानं घासला जातो. तेलावर जाणारा पैसा वेळच्या वेळी नालबंदाला दिला तर घोड्याचं जास्त भलं होईल.

भेग केसांच्या कडेपर्यंत पोचली, तिच्यातून रक्त किंवा पू आला, घोडा लंगडू लागला, तर पशुवैद्याला लगेच बोलवावं. त्या कडेला कायमची इजा झाली, तर तिथून पुढे उगवणारा खूर दुभंगलेलाच येत राहतो.