आईने टायपिंग शिकायचं, की फोनने आईचं अक्षर ओळखायचं?

माझी आई व्हॉट्सअ‍ॅपवर 'हो', 'बरं' आणि अंगठा, एवढंच पाठवायची. मला वाटायचं, तिला लिहायचा कंटाळा आहे. मग एकदा मी चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारलं, तर तिने वहीचं अख्खं पान लिहून त्याचा फोटो पाठवला. म्हणजे कंटाळा लिहिण्याचा नव्हता, कीबोर्डचा होता.

मग बदलायचं कोणी, माणसाने की यंत्राने? हा वाद जुना आहे. 1993 मध्ये अ‍ॅपलने न्यूटन मेसेजपॅड आणलं. तुम्ही नेहमीसारखं लिहा, ते वाचेल, असा दावा होता. पण ते इतकं चुकीचं वाचायचं की लोकांनी त्याची टिंगल केली. 1996 मध्ये आलेल्या पाम पायलटने उलटं केलं. त्याची 'ग्राफिटी' नावाची सोपी लिपी माणसानेच शिकायची. उदाहरणार्थ, A लिहिताना मधली आडवी रेघ द्यायचीच नाही. पाम चाललं. थोडं शिकावं लागलं, पण लिहिलेलं बरोबर उमटायचं.

आज काय बदललंय? बोट कुठून कुठे आणि कोणत्या क्रमाने फिरलं, याची फोन नोंद ठेवतो. असंख्य नमुन्यांवर शिकलेलं मॉडेल त्यावरून संभाव्य अक्षरं काढतं आणि भाषेचं मॉडेल त्यातून शब्द निवडतं. देवनागरीत याची फार गरज पडते. घाईत शिरोरेघ नीट दिली नाही, तर 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' सारखेच दिसतात. नुसतं अक्षर पाहिलं तर 'भाजणी'ची 'माजणी' होईल. पण मराठीत 'भाजणी' जास्त आढळतो, म्हणून तो वर येतो.

आईच्या फोनमध्ये मी जीबोर्डच्या भाषांमध्ये मराठी घेऊन हस्तलेखनाचा पर्याय सुरू केला. जोडाक्षरं कधीकधी चुकतात, मग ती वरच्या पर्यायांतून शब्द निवडते.

याचा अर्थ कीबोर्ड वाईट असा नाही. मी दिवसभर कोड लिहितो. तो बोटाने गिरवायला लागलो तर नोकरी जाईल. लांब मजकुरासाठी टायपिंगच वेगवान. ते शिकण्याचे कष्ट मला परवडतात, कारण रोज उपयोग होतो. पण जिने एकदा लिहायला शिकलंय, तिला दोन ओळींसाठी पुन्हा पहिलीत बसवायचं का? मला वाटतं, नाही. तिथे यंत्रानेच शिकावं.

आता आईचे मेसेज चार-चार ओळींचे येतात. त्यात मी वेळेवर जेवत नाही, हेही सविस्तर असतं.